कूडारवल्लीच्या सकाळचे तीन वास

१

नित्याच्या तळपायाला मी गुदगुल्या केल्या आणि पाय हललाच नाही.

हे किती भयंकर आहे ते नित्याला ओळखणाऱ्यालाच कळेल. माझी धाकटी बहीण, दुसरीत आहे, आणि तिच्या पायाकडे नुसतं बोट दाखवलं तरी किंचाळून सगळी आळी गोळा करते. आता मी नखाने रेघ ओढली तरी काही नाही.

"नित्ती! ए नित्ती, इडली गार होतेय. व्हॅन येईल आता."

तोंडाच्या कडेला लाळ होती. श्वास चालला होता, पण इतका सावकाश की एक संपला की दुसरा येतो की नाही म्हणून मी माझाच श्वास धरून ठेवला. आला. मग बराच वेळ काही नाही. मग आला.

"अम्मा!"

अम्मा पळी हातात घेऊनच धावत आली. आमच्या घरात एकाच शब्दाची भीती आहे, फिट. नित्याला लहानपणापासून फिट येतात. ताठ होते, निळी पडते, एकदा तर व्हॅनच्या पायरीवरच पडली होती. पण गेले कित्येक महिने एकही फिट नव्हती. आणि ही फिट नव्हतीच. फिटमध्ये ती लाकडासारखी होते, आज ती ओल्या फडक्यासारखी लोंबत होती.

"सकाळी तर उठली होती," अम्मा पुटपुटली. "आरतीला उभी होती. हसत होती."

खरंच होती. धनुर्मास चालू होता आणि त्यातला मोठा दिवस, कूडारवल्ली. त्या दिवशी तंजावूरच्या घराघरात अक्कारवडिसल करतात, म्हणजे दूध, तांदूळ, गूळ आणि तूप, तूप, तूप. हातातून कोपरापर्यंत ओघळलं नाही तर नैवेद्य पावला नाही असं आमची आत्या म्हणते. अख्ख्या घराला त्याचा वास येत होता. मी पहाटे आरतीनंतर परत झोपायला गेले, नित्याही गेली. महिनाभर आमचं हेच चाललं होतं, उजाडायच्या आत उठायचं, आरती, मग परत पांघरूण. वर्गात पेंगते म्हणून नित्याच्या मिसने दोनदा निरोप पाठवला होता. आम्ही हसलो होतो. एवढ्या पहाटे उठल्यावर पेंगणार नाही तर काय!

आता कुणी हसत नव्हतं.

भरद्वाज अण्णा, माझ्या दुसऱ्या आत्याचा मुलगा, इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडे राहतो, तो ऑटो आणायला अनवाणी पळाला. आप्पांनी नित्याला उचललं. तिचं डोकं त्यांच्या हातावरून मागे कलंडलं, आणि तसं डोकं मी कधीच विसरणार नाही.

अम्माने फळीवरून छोटी तपकिरी बाटली पिशवीत टाकली. "डॉक्टर विचारतील. औषध मी नेहमीसारखंच दिलं. नेहमीसारखंच."

देवघराच्या दारात विशालाक्षी आत्या उभी होती. तिने बाटलीकडे बोट केलं.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "गांजाचं तेल आहे ते. पोरीस एक दिवस झोपवील."

२

डॉक्टर महालक्ष्मी लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर आहेत आणि कधीच घाई करत नाहीत. त्या दिवशी त्या जवळजवळ धावल्या. याचीच मला जास्त भीती वाटली.

नित्याच्या नाकावर मास्क लागला. बोटाला लाल दिवा. मग डॉक्टर बाहेर आल्या आणि प्रश्न सुरू झाले.

"तेल किती दिलंत?"

"नेहमीचं. सिरिंजने मोजून," अम्मा म्हणाली. "मी शाळेत गणित शिकवते, डॉक्टर. माप चुकत नाही."

"दुसरी गोळी?"

"रात्रीचीच. एक."

"सकाळी काय खाल्लं?"

"काही नाही. औषध रिकाम्या पोटी, तुम्ही सांगितलंत तसं. इडलीसाठी उठवायला गेलो तर..."

"दुसरं काहीच नाही?"

अम्माने मान हलवली. आप्पांनी हलवली. मीही हलवली, अगदी जोरात.

आत्या मागून पुटपुटली, "गांजाच तो."

डॉक्टर तिच्याकडे वळल्या. "गांजाच्या झाडात पुष्कळ गोष्टी असतात. चढतं ते टीएचसी. या तेलात आहे सीबीडी, ते चढत नाही. नित्यासारख्या काही मुलांच्या फिट त्याने कमी होतात, म्हणून मी परवानगी असलेलं तेल चिठ्ठीवर दिलं. पण ते साखरपाणीही नाही. यकृतात ते दुसऱ्या औषधांच्या आड येतं. म्हणून माप महत्त्वाचं." मग त्या आमच्या सगळ्यांकडे वळल्या. "अशी झोप म्हणजे तिच्या रक्तात कशाचा तरी डोस फार जास्त झालाय. नाहीतर बाटलीत भलतंच काही आहे."

"बघू?" मी म्हटलं.

मला जरा सांगायला हवं. गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात माझा पहिला नंबर आला. विषय होता, आपल्या कदंबम हारातल्या पानाफुलांना वास कशामुळे येतो. मरिकोळुंदु म्हणजे दवणा, मरवा, वाळा, सगळ्यांचा वास मी डोळे मिटून सांगू शकते. आधी मी वर्गात हातसुद्धा वर करत नसे. आता कुणी थांबवत नाही तोपर्यंत बोलते.

मी टोपण उघडून हुंगलं. मागच्या बाटलीला कैरी आणि मिऱ्यांचा वास होता, मला पक्का आठवतो. हीमध्ये लिंबाची साल! खाली आणखी काहीतरी, ओळखीचं, पण नाव येईना. आणि नाकाला थंड लागणारं काहीतरी, कापरासारखं.

"टर्पीन बदललेत, वास देणारी द्रव्यं," मी ऐटीत जाहीर केलं. "लिमोनीन आहे. पाइनीनसुद्धा आहे, कापरासारखं लागतं ना, तेच!"

"म्हणजे बाटली तीच नाही," आप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरका झाला. "कुणीतरी बदललीय."

डॉक्टरांनी थोडं तेल काढून नळीत सीलबंद केलं. "हे आणि रक्त चेन्नईला जाईल. रिपोर्टला काही दिवस लागतात. तोवर संशयाची बाटली मी देऊ शकत नाही, तेल आजपासून बंद."

"बंद?" अम्मा खुर्चीतून उठली. "परत फिट आल्या तर?"

"तीच भीती आहे. एकदम थांबवलं तर येऊ शकतात. आणि ती अशी असताना आल्या..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "कारण कळलं तर मला काय करायचं ते ठरवता येईल. कारण हवंय मला. शक्य तर संध्याकाळच्या डोसआधी."

आप्पांनी फोन काढला. "पोलिसांना सांगतो."

"आप्पा, संध्याकाळपर्यंत थांबा," मी म्हटलं. "मी शोधते."

"तू?"

"जाऊ द्या तिला," अम्मा काचेतून नित्याकडे बघत म्हणाली. "इथे बसली तर माझे कान खाईल."

मी बाटली घेतली आणि निघाले.

३

चिदंबर मामांचं औषधाचं दुकान दक्षिण वीथीत आहे. मामा म्हणजे नात्याने नव्हे, इकडे सगळेच मामा. कपाळभर विभूती आणि रागीट मिशी. नित्याची बाटली दर वेळी तेच चिठ्ठी बघून देतात.

"बाटली बदललीत का?" मी सरळ विचारलं.

"काय गं पोरी! सकाळी सकाळी शिव्या घालायला आलीस?"

"नित्या हॉस्पिटलमध्ये आहे. उठत नाही."

त्यांचा हात हवेतच थांबला. "अय्यो मुरुगा." मग ते आत गेले आणि तशीच तपकिरी बाटली घेऊन आले. सील न तोडलेली, लेबलवर तोच बॅच नंबर. माझ्यासमोर सील तोडलं.

"घे. हुंग."

लिंबाची साल! स्वच्छ, झणझणीत.

"मागच्या वेळी कैरीचा होता," मी म्हटलं.

"मागचा बॅच वेगळा. अगं, वास देणारे ते टर्पीन झाडाझाडाला बदलतात. माती बदल, ऊन बदल, कापणी जरा उशिरा कर, वास बदलला. तूच तर बक्षीस आणलंस ना यावर? पेपरात फोटो होता."

मला कानापर्यंत गरम झालं. खरंच, मलाच माहीत होतं हे. लिंबाच्या सालीत लिमोनीन, आंब्यात मिर्सीन, मिऱ्यात कॅरिओफिलीन, आणि भांगेच्या झाडात ही सगळी कमीजास्त.

"पण लोक म्हणतात मिर्सीनने झोप येते, लिमोनीनने तरतरी..."

"लोक म्हणतात! उंदरांवर काही बघितलंय, माणसांवर थोडंसं. एका थेंबातल्या वासाने पोर बेशुद्ध पडत नाही. ताकद वासात नाही, सीबीडीच्या मापात असते. आणि माप इथे छापलंय, दोन्हींवर तेच." मामांनी मिशी ओढली. "मी पोराबाळांचं औषध बदलीन असं वाटलं तुला?"

"नाही मामा."

पण मी निघाले नाही. कारण सील तोडलेल्या बाटलीत फक्त लिंबू होतं. आमच्या बाटलीत लिंबाच्या खाली ते दुसरं होतं, ओळखीचं. मी एक थेंब मनगटावर चोळला. पुन्हा हुंगला. चोळून गरम झालं आणि ते वर आलं.

"मामा, यात कुठलं तेल वापरतात?"

"नारळाचं, शुद्ध केलेलं. अजिबात वास नसतो त्याला."

मनगटाला आमच्या स्वयंपाकघराचा वास येत होता. दोशावर सोडायचं तिळाचं तेल.

म्हणजे बाटली बदलली नव्हती. आमच्याच घरातल्या कुणीतरी ती उघडून तिच्यात काहीतरी ओतलं होतं.

४

घरी पोचले तर दार उघडं, आणि माडीवरच्या खोलीतून नाक ओढल्याचा आवाज. भरद्वाज अण्णा भिंतीला टेकून खाली बसला होता. मी काही बोलायच्या आत त्याने उशीखालून डोळ्यांच्या औषधाची रिकामी कुपी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. लिंबाचा वास.

"आप्पांना सांग," तो म्हणाला. "मीच तिला मारलं."

मी कुपी उचलून उजेडात धरली.

"काय केलंस तू?"

"परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर पुढे आला की हात थरथरतात, वासु. गेल्या वेळी नाव लिहिता आलं नाही मला, स्वतःचं नाव! कुठेतरी वाचलं, सीबीडीने भीती कमी होते. नवी बाटली आली तेव्हा थोडं काढून घेतलं. पाव बाटली असेल. मग तुझ्या अम्माला कळू नये म्हणून..."

"तिळाचं तेल ओतलंस."

त्याने मान खाली घातली.

"सात वर्षांच्या पोरीचं औषध, अण्णा! लाज नाही वाटली?"

"रोज वाटली."

"आणि भीती? गेली?"

"कुठली जाते! थेंबभर जिभेवर लिंबू लागलं, बस्स. भीती उलट वाढली, हे केलं म्हणून."

मला त्याला बडवावंसं वाटत होतं. आणि रडावंसंही. तेवढ्यात आप्पांचा फोन आला. अण्णाने माझ्या हातातून फोन घेतला आणि सगळं सांगून टाकलं, एका दमात. पलीकडून आप्पांचा आवाज मलाही ऐकू आला.

"घरातून हलू नकोस. मी पोलिसांना घेऊन येतो."

अण्णा पांढराफटक पडला.

आणि मी? मी हिशेब करत होते. गणिताच्या बाईची मुलगी ना मी!

"आप्पा, थांबा!" मी फोन हिसकावला. "पाणी घातलेलं दूध पिऊन कुणी जाड होतं का?"

"वासुकी, ही वेळ आहे का..."

"ऐका ना! याने औषध पातळ केलं. नित्याला कमी मिळालं, जास्त नाही. कमी मिळालं असतं तर फिट यायला हव्या होत्या. झोप कशी येईल? तिळाच्या तेलाने कुणी झोपत नाही, नाहीतर दोसा खाऊन अख्खं तंजावूर झोपलं असतं!"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अण्णाने चोरी केली. पण नित्याला हे झालंय ते त्यामुळे नाही."

"मग कशाने?" आप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज आता रागाचा नव्हता, घाबरलेल्या माणसाचा होता. "श्वास आणखी मंद झालाय तिचा."

मी फोन ठेवला. उलट आता जास्त भीती वाटत होती. चोर सापडला होता, पण कारण तो नव्हताच. नित्याला कमी औषध जात होतं आणि तरी ती जास्त झोपत होती, महिनाभर, थोडी थोडी, वर्गात पेंगत, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

५

स्वयंपाकघरात हॉस्पिटलमधून परतलेली आत्या मोठी पितळी उरुळी घासत होती. सकाळच्या अक्कारवडिसलची. घासत होती म्हणजे काय, तिच्यावर राग काढत होती.

"आत्या, एक विचारू?"

"संशय घेतेस मजवर?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "हो."

तिने उरुळी खाली ठेवली. वाटलं, आता थप्पड. पण ती पाटावर बसली आणि पदराने कपाळ पुसलं.

"घे. मी सगळ्यांस सांगत होते, हे गांजाचं पोरीस देऊ नका. मज आवडत नव्हतं. चारजण काय म्हणतील. पण वासुकी, फिट थांबल्या ना गं. मी आंधळी नाही. त्या दिवसापासून मी बोलते, पण ओतून टाकीन असं मनात आणलं नाही."

"बाटलीला हात लावला होतास?"

"सोवळ्यात असते मी पहाटे. त्या बाटलीस कशी शिवेन? आरती झाली की तुझी अम्मा उठते, फळीवरून घेते, पोरीच्या तोंडात घालते. मी बघतेही नाही तिकडे."

ती खोटं बोलत नव्हती. आत्याला खोटं बोलता येत नाही, म्हणूनच तिची सगळ्यांशी भांडणं होतात.

मी बाटली टेबलावर ठेवली आणि पुन्हा हुंगायला घेतली. लिंबू, ते बॅचचं. तीळ, ते अण्णाचं. आणि तिसरा, तो थंड, कापराचा वास. हॉस्पिटलमध्ये ऐटीत ज्याला मी पाइनीन म्हटलं होतं तो. पण मामांच्या सील तोडलेल्या बाटलीत तो नव्हता! आणि मनगटावरच्या थेंबातही नव्हता.

मी टोपण काढून फक्त तेल हुंगलं. लिंबू, तीळ. कापूर नाही.

टोपण बंद करून बाहेरून हुंगलं. कापूर.

टोपणाच्या बारीक खाचांमध्ये काहीतरी चिकट, पिवळट साचलं होतं. नखाने काढलं. तूप. आणि त्यात तो थंड वास, शिवाय वेलची. मी उरुळीजवळ नाक नेलं. तोच. नैवेद्यात घालतात तो पच्चकर्पूर, खायचा कापूर.

वास तेलाचा नव्हताच. तो हाताचा होता, अक्कारवडिसलने माखलेल्या हाताचा. घरात बाटली उघडणारा शेवटचा हात.

आत्याने बाटलीला हात लावला नव्हता. अण्णाने कधीच काम उरकलं होतं.

तो हात माझ्या अम्माचा होता.

बाटली मुठीत धरून मी ऑटोत बसले. अम्मा गेली दोन वर्षं नीट झोपलेली नाही. मध्येच उठून नित्याच्या छातीवर हात ठेवते. परवा कणीक मळताना म्हणाली होती, "एकदा तरी ही पोर गाढ झोपू दे, म्हणजे मीही झोपेन." तेव्हा मी ऐकून सोडून दिलं होतं. आता ते वाक्य ऑटोच्या आवाजात पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं.

आईबद्दल असं मनात येणं म्हणजे काय, ते मला शत्रूलाही सांगायचं नाही.

६

अम्मा काचेला कपाळ लावून उभी होती. मी तिच्याजवळ गेले.

"अम्मा, तू दोनदा दिलंस का औषध?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मीही सकाळपासून स्वतःस तेच विचारतेय," ती म्हणाली. "नाही दिलं, वासु. देवाशपथ. एकदाच."

मी तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि मला पटलं. पण बाटली हातात होती.

"मग याला तूप कसं लागलं?"

"लागलं असेल. आरती झाली, प्रसाद दिला, त्याच हाताने औषध दिलं. प्रसादाचे हात कोण धुतं?"

"प्रसाद नित्यानेही खाल्ला?"

"खाल्ला की. आज तर तीनदा हात पुढे केला. कोपरापासून चाटत होती, लबाड." अम्माच्या ओठांवर हसू आलं आणि लगेच मोडलं.

"आणि मग औषध?"

"मग औषध."

"म्हणजे रिकाम्या पोटी नव्हती ती!"

"अगं, असं काय बोलतेस? इडली कुठे खाल्ली होती? प्रसाद म्हणजे खाणं का?"

डॉक्टरांनी विचारलं होतं, काय खाल्लं. अम्माने मान हलवली, आप्पांनी हलवली. आणि मी, जिने स्वतः पहाटे वाटीभर अक्कारवडिसल संपवलं होतं, मीही छातीठोकपणे मान हलवली होती. एकादशीला आत्या दोन मुठी साखरफुटाणे खाते आणि सांगते, तोंडात काही घातलं नाही. आमच्या घरात कुणालाच ते खोटं वाटत नाही, कारण ते खोटं नसतंच.

मी डॉक्टरांच्या खोलीत घुसले. दार वाजवायचं राहून गेलं. अम्मा माझ्या मागेच होती.

"डॉक्टर, तुपाने काही होतं का? सीबीडीबरोबर?"

त्या लिहायच्या थांबल्या. "कुठलं तूप?"

मी माझा हात वर धरला आणि बोटांपासून कोपरापर्यंत दाखवलं. "एवढं. आजचं, शिवाय त्यात नैवेद्याचा कापूर. पण महिनाभर रोज पहाटे तुपातल्या पोंगलचा प्रसाद, मग औषध. धनुर्मास ना."

"महिनाभर?" डॉक्टर उभ्याच राहिल्या. "चंद्रमती अम्मा, तुम्ही म्हणालात रिकाम्या पोटी!"

"प्रसाद होता तो," अम्माचा आवाज अगदी बारीक झाला.

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि उघडले. "सीबीडी तेलात विरघळतं. रिकाम्या पोटी घेतलं तर त्यातलं थोडंच रक्तात उतरतं. मी डोस त्यावर ठरवला होता. तुपातुपाचं खाऊन घेतलं तर त्याच थेंबांतून चार-पाच पट उतरू शकतं. तेही एकवेळ ठीक. पण ते यकृतात तिच्या रात्रीच्या गोळीची वाट अडवतं. झोप आणणारी ती गोळी रोज आत जातेय, बाहेर पडत नाही. साचत गेली, महिनाभर. वर्गात पेंगत होती का ती?"

"मिसने निरोप पाठवला होता," मी म्हटलं. "आम्ही हसलो."

"आणि आज सगळ्यात जास्त तूप." त्या आता सिस्टरला भराभर सांगत होत्या, रात्रीची गोळी आज नाही, उद्यापासून अर्धी, तेल बंद करायचं नाही, फक्त आज संध्याकाळचा डोस वगळायचा, रक्तात पुरेसं आहे, फिट येणार नाही. "आणि त्या कापराचंही सांगते, फिट येणाऱ्या मुलांना तो पोटात नको."

मग त्यांनी मला थांबवलं. "बाटलीत आणखी काही सापडलं?"

मी अण्णाचं सांगितलं. पाव बाटली, तिळाचं तेल.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग हळू म्हणाल्या, "पूर्ण ताकदीचं तेल असतं तर आज हिला नळी घालून मशीनवर ठेवावं लागलं असतं."

दारात आप्पा उभे होते. हातात फोन, पोलिसांचा नंबर काढलेला. त्यांनी तो खिशात घातला. "तरी चोर तो चोरच," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्याने खाल्लंय का काही, विचार."

७

कारण कळलं म्हणून कुणी लगेच उठत नाही. सिनेमात उठतात. आम्ही संध्याकाळभर आणि पुढेही काचेबाहेर बसलो आणि मास्कवरची वाफ मोजली. धुकं आलं की श्वास, गेलं की भीती. फिट आली नाही. अम्मा माझ्या खांद्यावर झोपली, दोन वर्षांत पहिल्यांदा, आणि मी मुंग्या आल्या तरी खांदा हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी मला आत जाऊ दिलं. मास्क निघाला होता. श्वास बरा होता. पण डोळे मिटलेलेच.

मी पांघरूण पायाकडून जरा वर केलं. छोटा गोरा तळपाय. हात लावायचा धीर होईना. कालचा तो पाय परत लागला तर?

मग मी फक्त बोट दाखवलं, लांबूनच.

काही नाही. डोळे मिटलेले, कसं दिसणार तिला! वेडी मी. मी वाकून नखाने अगदी हलकी रेघ ओढली.

पाय झटकन मागे गेला, आणि लाथ माझ्या नाकावर बसली. त्याच नाकावर, पहिल्या नंबरच्या.

"अक्का," नित्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "भूक लागली."

मी एवढ्या जोरात ओरडले की सिस्टर धावत आल्या. अम्मा, आप्पा, तीर्थाची लोटी आणि पळी घेऊन आत्या, आणि सगळ्यांच्या मागे भरद्वाज अण्णा, जो दाराच्या आत यायला तयार नव्हता. आप्पांनी त्याच्या मानेला धरून त्याला आत ढकललं.

डॉक्टर महालक्ष्मी आल्या. नित्याच्या डोळ्यांत टॉर्च मारला, तिला बोटं मोजायला लावली, आणि नेहमीच्या सावकाश आवाजात विचारलं, "उठल्यापासून तोंडात काही गेलंय?"

अम्मा "नाही" म्हणणार होती. तिचं तोंड उघडलंही होतं. पण विशालाक्षी आत्या पुढे झाली.

"तीर्थ दिलं मी," ती म्हणाली. "एक पळी. तुळशीचं एक पान. लिहून घ्या, डॉक्टर. तेही खाणंच."